झोपेतली किंकाळी

आमच्या परतूर भागात लेकरू रात्री किंचाळत उठलं की घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘कशाला भ्यालं?’ आणि ‘कुठं नेलं होतं?’ पहिला प्रश्न लेकराविषयी असतो, दुसरा त्याच्या आईला असतो. अमावास्येला शेतात नेलं होतं का, तिन्हीसांजेला उंबऱ्यावर बसवलं होतं का, बारशात कुणी फार कौतुक केलं का, अशी तिची उलटतपासणी होते. तोवर चुलीजवळून मीठ-मोहऱ्या आलेल्या असतात. त्या लेकरावरून उतरवून विस्तवात टाकतात, तडतडतात, ठसका येतो आणि थोड्या वेळात लेकरू शांत झोपतं. ‘बघा, केवढी नजर होती!’ असं म्हणून घर पुन्हा आडवं होतं.

मी डॉक्टर नाही. परतूर, मंठा आणि घनसावंगी तालुक्यांतल्या गावांत बाळंतपण आणि बाळपण यांच्याभोवतीचे शब्द, विधी आणि समजुती गोळा करणं हा माझा गेल्या अनेक वर्षांचा उद्योग. तो करताना ही रात्रीची किंकाळी इतक्या जणींच्या तोंडून ऐकली, की तिचा वेगळा पाठपुरावा करावासा वाटला. शब्दांपासून सुरुवात केली आणि वैद्यकाच्या पुस्तकांपर्यंत जावं लागलं. या लेखात त्या शोधाचा सारांश आहे. घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्यांना त्यातलं काही उपयोगी पडावं, ही अपेक्षाही आहे.

शब्दांची साक्ष

आपल्या भाषेत या अनुभवासाठी शब्दांची वाण नाही. दचकणं, बरळणं, चाळवणं, झपाटणं, लागीर होणं. झोपेत बरळण्याला जुन्या मराठीत ‘वोसणणे’ असं स्वतंत्र क्रियापद होतं. आमच्याकडे ‘दृष्ट’पेक्षा ‘नजर’ हा शब्द जास्त ऐकू येतो. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्याची ती खूण असावी. ‘बाहेरचं झालंय’, ‘वारं लागलंय’ हेही नेहमीचे. तान्हं बाळ झोपेत हसलं वा रडलं, तर सटवाई त्याला हसवते-रडवते, असं साऱ्या महाराष्ट्रात म्हणतात. पाचवी-सटीला जी येऊन कपाळावर नशीब लिहिते, तीच ही.

या समजुतींमागे मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रह सांगितले आहेत : स्कंद, स्कंदापस्मार, शकुनी, रेवती, पूतना, अंधपूतना, शीतपूतना, मुखमंडिका आणि नैगमेष. वाग्भटाने ही संख्या बारावर नेली. दचकणं, एकाएकी रडणं, दात खाणं, झोप न लागणं ही बालग्रहांची लक्षणं मानलेली आहेत आणि उपायांत मोहरीचा धूपही आहे. म्हणजे आमच्या गल्लीतली आजी विस्तवात मोहऱ्या टाकते, तेव्हा तिच्या नकळत ती एका फार जुन्या ग्रंथाचा धागा हातात धरून असते. त्या काळच्या निरीक्षकांनी पाहिलेलं चुकीचं नव्हतं. मूल खरोखरच वेगळंच कुणी असल्यासारखं दिसतं. डोळे उघडे असतात, पण आईला ओळखत नाही. घाम फुटलेला असतो, छाती धडधडत असते. कुशीत घ्यावं तर लाथा मारतं, ढकलून देतं. ‘यात दुसरंच कुणी शिरलंय’ असं वाटण्यासारखंच ते दृश्य आहे.

झोप एकसारखी नसते

या दृश्याचं आजचं स्पष्टीकरण समजायचं तर झोपेची बांधणी पाहावी लागते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं, की झोपेत काही काळ बंद पापण्यांखाली बुबुळं झरझर हलत असतात. स्पष्ट, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने याच काळात पडतात. याखेरीज एक गाढ झोप असते. तिच्यात मेंदूच्या लहरी संथ आणि मोठ्या होतात, आणि त्या वेळी मुलाला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं तरी त्याला पत्ता लागत नाही. रात्रभर या अवस्था आळीपाळीने येतात. मात्र वाटणी सारखी नसते : गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येतो आणि स्वप्नांचा काळ पहाटेकडे वाढत जातो.

लहान मुलांची गाढ झोप फारच गाढ असते. तिच्यातून वर येताना कधीकधी मेंदूचा एक भाग जागा होतो आणि दुसरा झोपूनच राहतो. हृदय, श्वास, स्नायू, घसा हे सगळे जागे. ओळख आणि आठवण मात्र झोपेत. किंकाळी फुटते ती या अर्धवट जागेपणात. १९६८ साली रॉजर ब्रॉटन यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, की झोपेत चालणं आणि अशा रात्रभीती यांचं मूळ स्वप्नात नसून जागं होण्याच्या बिघडलेल्या क्रियेत आहे. म्हणूनच ‘काय दिसलं रे तुला?’ या प्रश्नाला लेकराकडे उत्तर नसतं. सकाळी त्याला काहीच आठवत नाही. रात्र घरातल्या मोठ्यांनी काढलेली असते; मूल ताजंतवानं उठून खेळायला लागतं.

हा प्रकार किती आढळतो? कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात मुलांचा जन्मापासून अनेक वर्षं पाठपुरावा करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड वर्षाच्या मुलांपैकी ३४.४ टक्के मुलांमध्ये रात्रभीती आढळली. पाचव्या वर्षी हे प्रमाण १३.४ टक्क्यांवर आणि तेराव्या वर्षी ५.३ टक्क्यांवर आलं. म्हणजे दीड वर्षाच्या दर तीन मुलांत एक. जे इतक्या घरांत घडतं ते एखाद्याच घरावरचं संकट कसं असेल? क्वेबेकमध्येच ३९० जुळ्यांच्या जोड्यांवर झालेला अभ्यास २००८ साली आला. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये या बाबतीतलं साम्य इतर जुळ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. थोडक्यात, यात वारशाचा वाटा मोठा आहे आणि तो वारसा बापाकडूनही येतो. ‘कुठं नेलं होतं?’ असं सुनेला विचारणाऱ्या घराने आधी आपला मुलगा लहानपणी झोपेत उठून चालायचा का, हे आठवून पाहावं.

प्रत्येक उपाय लागू का पडतो

रात्रभीतीचा झटका बहुधा काही मिनिटं टिकतो. क्वचित पंधरा-वीस मिनिटं. मग तो आपोआप ओसरतो आणि मूल झोपेत परत बुडतं. आता घरातला कालक्रम पाहा. किंकाळी, मग धावपळ, दिवा, मीठ-मोहऱ्या, विस्तव. एवढं होईतो झटका संपतच आलेला असतो. त्यामुळे त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मोहरी असो, अंगारा असो, गंडा-दोरा असो वा औषधाचा चमचा. शिवाय झटके रोज येतातच असं नाही. दुसऱ्या दिवशी देवऋषीकडे जाऊन आल्यावर चार रात्री शांत गेल्या की त्याचीही कीर्ती वाढते.

मीठ-मोहरी उतरवण्याचा एक फायदा मला दिसतो. भेदरलेल्या मोठ्यांच्या हाताला तेवढा वेळ काम मिळतं आणि मुलाला गदागदा हलवणं, चापट मारणं, तोंडावर पाणी मारणं टळतं. पण सगळेच उपाय इतके निरुपद्रवी नसतात. बिब्ब्याचं तेल नाजूक कातडीवर लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. मेळघाटात तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या विळ्याने डागण्याची ‘डम्मा’ ही प्रथा पोटफुगीसारख्या तक्रारींसाठी आहे. पण रडतं मूल आणि तापलं लोखंड ही सांगड तिथेही हेच सांगते, की मोठ्यांची भीती मुलाच्या अंगावर उतरते.

गुंगीचा उपाय तर शहरातही होता. मुंबईच्या गिरण्यांमधल्या कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांचा अहवाल १९२२ साली मुंबई सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापला गेला. गिरणीत जाणाऱ्या बायकांची बहुतेक सगळी तान्ही मुलं अफूवर निजवली जातात, असं त्यात नोंदलं होतं. ‘बाळागोळी’ या गोड नावाने ती अफू विकली जाई. आईला दुष्ट म्हणून मोकळं होणं सोपं आहे; दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईला रात्रीची झोप हवी होती, हे त्या गोळीमागचं खरं कारण. आज अफू गेली, पण सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध ‘झोप लागावी म्हणून’ पाजणारी घरं आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापायला लावली. तेव्हा झोपेसाठी असं औषध मनाने देऊ नये, एवढं पक्कं धरावं.

किंकाळी एक, कारणं अनेक

इथवर वाचून ‘म्हणजे काही करायचं नाही’ असा अर्थ कुणी काढील. तसा तो नाही. मराठवाड्यात किंचाळणाऱ्या लेकराचं पहिलं काम म्हणजे दिवा लावून अंथरूण झटकणं. आपल्याकडे जमिनीवर निजायची पद्धत, दगडामातीची घरं, कडब्याच्या गंजी आणि लाल विंचू.

या विंचवाशी आमच्या जिल्ह्याचं एक नातं आहे. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत दगावताना त्यांनी पाहिली, त्यांच्या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या आणि १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवलं. पूर्वी ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण अगदी थोडक्यावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे एक गोष्ट फार जपून लक्षात घ्यायला हवी. रात्रभीतीतही घाम येतो, छाती धडधडते. विंचवाच्या विषानेही तेच होतं. फरक असा : रात्रभीती काही मिनिटांत ओसरते आणि मूल शांत झोपतं. विंचू चावला असेल तर घाम थांबत नाही, उलट्या होतात, हातपाय गार पडतात आणि रडणं चालूच राहतं. मण्यार याहून फसवी. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते. वेदना आणि सूज जवळजवळ नसते. मूल पोट दुखतंय म्हणून उठतं आणि काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात. अशा वेळी अंगारा लावून सकाळची वाट पाहणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. तेव्हा १०८ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे, तो याचसाठी.

बाकीची कारणं जीवघेणी नसली तरी ओळखण्यासारखी आहेत. किंकाळी पहाटेच्या सुमारास आली, मूल पूर्ण जागं झालं, आईला बिलगलं आणि बोलता येत असेल तर ‘भूभू आला’ असं काही सांगू लागलं, तर ते दुःस्वप्न. त्याला जवळ घ्यावं, बोलावं, थोपटावं. सर्दीनंतर कान धरून रडत असेल तर कान दुखतो आहे. झोपेत बूड खाजवत असेल तर जंत : बारीक सुतासारख्या कृमींची मादी रात्रीच गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला अंगणवाडीत मिळणारी गोळी म्हणून चुकवू नये. मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर घशातल्या गाठींनी श्वास अडतो का, हे तपासून घ्यावं. क्रिस्तियां गिलमिनो आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपेत चालणाऱ्या वा रात्रभीती असणाऱ्या ८४ मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये श्वासाचा अडथळा सापडला आणि ज्यांच्या गाठी काढल्या त्यांचा त्रास गेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे. लोहाच्या कमतरतेने पायांत अस्वस्थपणा येतो आणि झोप मोडते. त्यामुळे सतत चाळवणाऱ्या मुलाचं रक्त तपासून घेणं इथे केव्हाही शहाणपणाचं. आणि झटके एका रात्रीत अनेकदा, दर वेळी हुबेहूब तसेच येत असतील, अंग ताठ होत असेल, लाळ गळत असेल, तर तो फेफऱ्याचा प्रकार असू शकतो. मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावं.

रात्री काय करावं

अंथरूण पाहिलं, चावा नाही, ताप नाही. वेळ रात्रीच्या पहिल्या भागातली आहे आणि मूल ओळखत नाही. मग ती रात्रभीती समजावी. मुलाला जागं करण्याचा खटाटोप करू नये. त्याने झटका लांबतो. ढकलत असेल तर जबरदस्तीने धरू नये. भिंत, कोपरा, खाटेची कड, विस्तव यांपासून त्याला जपावं, दिवा मंद ठेवावा, एकाच माणसाने हळू आवाजात ‘मी आहे, मी आहे’ म्हणत राहावं. बाकीच्यांनी गप्प बसावं, हे सांगायला सोपं आणि आमच्या घरांत करायला अवघड.

दुसऱ्या दिवशी वहीत वेळ लिहावी. झोपलं किती वाजता, किंचाळलं किती वाजता. पाच-सहा नोंदींनंतर बऱ्याच मुलांत ठरलेली वेळ दिसू लागते. ब्रायन लास्क या ब्रिटिश डॉक्टरांनी १९८८ साली १९ मुलांवरचा एक साधा उपाय प्रसिद्ध केला : झटक्याच्या ठरलेल्या वेळेआधी दहा-पंधरा मिनिटं मुलाला हळूच उठवायचं, काही मिनिटं जागं ठेवायचं आणि पुन्हा निजवायचं. गाढ झोपेचा तो कडेलोट त्यामुळे चुकतो. आमच्या शेजारच्या एका घरात मी ही वही ठेवायला सुचवली होती. दोन वर्षांची नात. वेळ निघाली साडेदहा ते पावणेअकरा. आजी मोहऱ्या उतरवत राहिली, आई सव्वादहाला उठवत राहिली. तीन आठवड्यांत किंकाळ्या थांबल्या. श्रेय कुणाचं, यावर त्या घरात अजून एकमत नाही. नात मात्र झोपते आणि सुनेला प्रश्न विचारणं बंद झालं आहे.

सगळ्यात मोठा उपाय पुरेशा झोपेचा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. झोप अपुरी राहिली की शरीर तिची भरपाई अधिक गाढ झोपेने करतं आणि झटक्याला तेच निमित्त मिळतं. दुपारची झोप नुकतीच सुटलेली असणं, लग्नसराईतली जागरणं, ताप, गावाचा प्रवास यांनंतर किंकाळ्या वाढतात त्या यामुळेच. ‘परगावी नेलं आणि तिथलं काही लागलं’ या समजुतीतलं अर्धं निरीक्षण बरोबर आहे. परगावी नेलं हे खरं. लागलं ते जागरण.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा परतूर, मंठा, घनसावंगीच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघत असतील. उचल घेतलेली असते, जाणं चुकत नाही. पुढचे पाच-सहा महिने त्यांची लेकरं पाचटाच्या कोपीत, जमिनीवर निजतील. आई-बाप पहाटे तीन-चारला उठून फडात जातील, गाडी आली तर रात्रीच भरायला उठतील, आणि लेकराची झोप त्यांच्याबरोबर दोनदा-तीनदा मोडेल. झोप अपुरी, जमीन उघडी, शेजारी उसाचा फड. किंकाळीच्या सगळ्याच कारणांना तिथे मोकळं रान आहे. एक मच्छरदाणी, तिची कड अंथरुणाखाली खोचलेली, एक बॅटरी, आणि लेकराला सलग निजवू शकेल असं एक माणूस मागे ठेवण्याची सोय. मुकादम आणि कारखाने कोयता, टायर, बैल यांचा हिशेब चोख ठेवतात. या तीन गोष्टी त्या हिशेबात घालायला फार पैसे लागत नाहीत.